तीन नंबरचं सिलिंडर

रावजी घडवल्यांनी इंजिनाच्या वहीत लाल शाईनं 'उड्डाणास अयोग्य' असं लिहिलं आणि खाली सही केली, तेव्हा प्रजासत्ताक दिनाला अवघे तीन दिवस उरले होते. साल चौऱ्याऐंशी. रत्नागिरीच्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, धावपट्टीलगत मंडपाचे वासे उभे राहिले होते, निमंत्रणपत्रिका वाटून झाल्या होत्या आणि मुंबईहून मंत्री येणार हे गावात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मंत्र्यांना विमानात बसवून समुद्रावर एक फेरी मारून आणायची, असा सिंधुसागर उड्डाण मंडळाचा बेत होता. मंडळाकडे विमान एकच. त्या विमानाला इंजिन एकच. आणि ते इंजिन उडायच्या लायकीचं आहे की नाही हे लिहून देण्याचा परवाना असलेला माणूसही रत्नागिरीत एकच होता.

विमान जुनं, दोन माणसांचं. बंद पडलेल्या एका फ्लाइंग क्लबाकडून मंडळानं ते दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं. कापडी पंख, लाकडी पंखा आणि नाकात चार सिलिंडरचं छोटं इंजिन, दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, आडवी पसरलेली. या इंजिनात पाण्याचा थेंब नसे. प्रत्येक सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पात्यांची झालर होती. समोरून येणारी हवा त्या पात्यांतून फिरली की इंजिन थंड राही. स्टार्टरसुद्धा नव्हता. एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं पुढे उभं राहून पंखा हातानं खाली ओढायचा आणि झटकन मागं व्हायचं.

रावजी मूळचे मंडणगडकडचे. सातवी पास होऊन मुंबईला गेले आणि जुहूच्या हँगरमध्ये झाडू मारायला लागले. झाडू मारता मारता मेकॅनिकच्या हातात पाने द्यायला लागले, पाने देता देता इंजिनं उघडायला लागले. परवान्याची परीक्षा इंग्रजीत. इंजिनाच्या जाडजूड पुस्तकातला एकेक शब्द त्यांनी वहीत उतरवून पाठ केला. चार वेळा नापास झाले, पाचव्या वेळी पास. त्या दिवसापासून त्यांच्या सहीला किंमत आली आणि ती सही त्यांनी कधी कुणाच्या सांगण्यावरून केली नाही. परवाना मिळाल्यावर अठ्ठावीस वर्षांनी नोकरी सोडून ते गावी परत आले, तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी, भास्करराव फणसळकरांनी, स्वतः मंडणगडला गाडी नेऊन त्यांना बोलावून आणलं होतं. रावजी आणि त्यांची बायको गंगा धावपट्टीजवळच्या शिरगावात दोन खोल्यांत राहत.

ते लाल शाईचं पान वाचून भास्करराव तसेच पत्र्याच्या हँगरमध्ये आले.

"रावजी, हे काय लिहून ठेवलंत?"

"जे आहे ते."

"अहो, आज सकाळी माझ्यासमोर सुरू झालं. पहिल्या हिसक्याला!"

"सुरू होण्याबद्दल मी काही लिहिलेलंच नाही," रावजी हात पुसत म्हणाले. "तीन नंबरच्या सिलिंडरला चीर आहे. इंजिन थंड असलं की ती मिटलेली असते. तापलं की उघडते. रविवारी हेमाताई चाळीस मिनिटं उडून आल्या, शेवटी शेवटी इंजिन थरथरत होतं, ते मला खालूनच ऐकू आलं. उतरल्या उतरल्या मी दाब लावून बघितला. ऐंशीचा दाब सोडला, तीन नंबरात चव्वेचाळीस टिकला. बाकीच्या तिघांत सत्तरच्या वर."

"आणि आज?"

"आज थंड असताना बहात्तर. मग इंजिन चालवून तापवलं आणि परत बघितलं. चाळीस."

 भास्करराव वाईट गृहस्थ नव्हते. या धावपट्टीवर गुरं चरत होती तेव्हापासून त्यांनी अर्ज केले होते, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, आपल्या आंब्याच्या बागेकडे दुर्लक्ष करून मंडळ उभं केलं होतं. मंत्री एकदा वर जाऊन आले की धावपट्टीची वाढ मंजूर होणार, पक्का हँगर होणार, असं त्यांना खात्रीचं वाटत होतं.

"वीस मिनिटांची फेरी आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "भगवतीच्या किल्ल्यापर्यंत जायचं आणि यायचं. तेवढं तर निघेल?"

"निघेलही. निघणार नाहीसुद्धा. डोकंच उडालं सिलिंडरचं तर खाली समुद्र आहे."

"म्हणजे खात्री नाही तुम्हाला."

"खात्री नाही म्हणूनच लाल शाई."

भास्कररावांचा चेहरा उतरला आणि मग तापला. "मी दुसऱ्या इंजिनीअरला बोलावतो. परवाना काय तुमच्या एकट्याकडे आहे?"

"बोलवा," रावजी म्हणाले. "फक्त त्यांना सांगा, गरम इंजिन तपासा."

दुसऱ्या दिवशी हेमा आली. ही भास्कररावांची मुलगी, चोवीस वर्षांची. मुंबईला शिकून तिनं विमान चालवण्याचा परवाना मिळवला होता आणि मंत्र्यांना घेऊन तीच उडणार होती. रावजींवर तिचा जीव होता. हँगरमध्ये आली की त्यांच्या डब्यातली भाकरी मोडून खायची. आज मात्र ती दारातच उभी राहिली.

"रावजीकाका, दोन वर्षं मी या दिवसाची वाट बघतेय. पोरीच्या हातात विमान देणार का म्हणून किती जणांनी अण्णांना विचारलं, माहीत आहे तुम्हाला? आता सगळे म्हणतील, बघा, घाबरली."

"तुम्ही घाबरला असं वहीत कुठंच नाही. घाबरलोय तो मी."

"पण थंड असताना ठीक आहे ना?"

"थंड इंजिनानं विमान उडत नाही, हेमाताई."

ती निघून गेली. संध्याकाळी मंडळाचा शिपाई टाइप केलेलं पत्र घेऊन शिरगावला आला. रावजी घडवले यांना कामावरून दूर करण्यात येत आहे, हँगरची किल्ली पत्र आणणाऱ्याजवळ द्यावी. रावजींनी पत्र दोनदा वाचलं, खुंटीवरची किल्ली काढून दिली आणि पोचपावतीवर सही केली. त्या सहीचं त्यांना काही वाटलं नाही. पत्र मिळालं होतं, म्हणून मिळाल्याची सही.

मुंबईहून सखाराम तांबे नावाचे इंजिनीअर आले. परवानाधारक, हुशार, पण घाईत. सव्वीस तारखेला उजाडता उजाडता त्यांनी इंजिन तपासलं. रात्रभर सड्यावरच्या गार वाऱ्यात उभं असलेलं इंजिन. चारही सिलिंडरांत सत्तरच्या वर दाब टिकला. त्यांनी निळ्या शाईत 'उड्डाणास योग्य' लिहिलं आणि चहा मागवला.

ही बातमी दूध घालायला आलेल्या यमुनाबाईंनी रावजींच्या दारात आणली. त्यांचा मुलगा मंडपाच्या कामावर होता. रावजी ओट्यावर बसून दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते उठले.

"खय चाललाव?" गंगानं विचारलं.

"धावपट्टीवर."

"आता सही दुसऱ्याची हाय. तुमचा काय जाता त्यात?"

"पोरगी जाते," रावजी म्हणाले.

 गंगानं टॉवेल पुढे केला. "त्वांड पुसा आदी. आनि च्या घेऊन जावा. रिकाम्या पोटी भांडाय जाव नका."

रावजींनी उभ्या उभ्या चहा घेतला, दाब मोजायचं स्वतःचं मीटर पिशवीत टाकलं, दाढीचा साबण आणि ब्रशही तसाच टाकला आणि सायकलवर टांग मारली.

सड्यावर पोचले तेव्हा झेंडावंदन होऊन गेलं होतं. मंडपात शाळेची मुलं, बँड, टोप्या, फेटे, लुगडी. मंत्र्यांच्या ताफ्यापुढची पायलट जीप नुकतीच येऊन सांगून गेली होती की साहेबांची गाडी हातखंब्याच्या फाट्याला पोचली. विमान धुऊन पुसून पट्टीच्या तोंडाशी उभं होतं. पंखांखाली झेंडूच्या माळा. चाकांना लाकडी ठोकळे लावलेले. आत हेमा बसली होती. साहेब येण्याआधी इंजिन चालू करून ठेवावं म्हणून तांब्यांनी पंखा खाली ओढला. पहिल्याच हिसक्याला इंजिन बोलायला लागलं. मंडपात टाळ्या वाजल्या.

रावजींनी सायकल गवतात टाकली आणि चालत चालत विमानाच्या पुढे वीस पावलांवर जाऊन उभे राहिले. दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांनी फुली केली. थांबा. ही खूण जगातल्या कुठल्याही धावपट्टीवर सारखीच.

हेमानं त्यांना पाहिलं. तिच्या कपाळावर आठी आली. तिनं हातानं बाजूला व्हायची खूण केली. रावजी हलले नाहीत.

भास्करराव मंडपातून धावत आले. धोतराचा सोगा हातात, फेटा वाकडा. "रावजी, बाजूला व्हा! काय तमाशा मांडलाय?"

"पंधरा मिनिटं," रावजी ओरडून म्हणाले. इंजिनाच्या आवाजात ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं. "पंधरा मिनिटं इंजिन चालू दे. काही झालं नाही तर मीच बाजूला होतो आणि सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो!"

"साहेब पाच मिनिटांत येतायत!"

"मग साहेबांना दहा मिनिटं बसवा!"

"तुमचा आता या मंडळाशी काय संबंध? कामावरून काढलंय तुम्हाला!"

"म्हणून तर आलो! कामावर असतो तर तुम्ही हुकूम दिला असता. आता कुणाला हुकूम देताय?"

बंदोबस्ताचे दोन शिपाई लाठ्या घेऊन पुढे आले. त्यातला एक रावजींचा दंड धरायला वळला. रावजींनी दंड सोडवून घेतला. "धरून न्याल तर परत येईन. बांधून ठेवलंत तर ओरडेन. पण माझ्या पायानं मी इथून हलणार नाही."

शिपाई घुटमळले. साठीला टेकलेला माणूस, एका गालावर अर्धवट दाढी, अंगात खाकी सदरा. त्याला आजच्या दिवशी, शाळेच्या पोरांदेखत फरपटत न्यायचा हुकूम कुणीतरी मोठ्या माणसानं द्यावा, असं त्यांना वाटत असावं. भास्कररावांच्या तोंडून तो हुकूम निघत नव्हता.

हेमा हे सगळं काचेतून बघत होती. शब्द तिला ऐकू येत नव्हते. पण रावजींनी आता डावा हात वर केला होता आणि उजव्या हाताच्या बोटानं ते मनगटावरच्या घड्याळावर टिचक्या मारत होते. मग त्यांनी तीन बोटं दाखवली. मग परत घड्याळ.

तिला कळलं. रविवारी शेवटच्या दहा मिनिटांत पायाखाली जाणवलेली थरथर तिला आठवली. ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. स्वतःच्या मनाशीही तिनं ती कबूल केली नव्हती. तिनं आपल्या घड्याळात पाहिलं. मग खिडकीतून हात बाहेर काढून शिपायांना दूर व्हायची जोरात खूण केली, ब्रेक दाबून धरले आणि इंजिनाचा वेग वाढवला.

पंखा दिसेनासा झाला. झेंडूच्या माळांच्या पाकळ्या उडून मागे कातळावर पांगल्या. विमान ठोकळ्यांवर रेटत जागच्या जागी डुलायला लागलं. मंडपातल्या लोकांना वाटलं, आता निघालं. निघालं नाही. पाच मिनिटं झाली. आठ झाली. इंजिन नव्या शिलाई मशीनसारखं सुरळीत चालत होतं. तांबे कमरेवर हात ठेवून भास्कररावांकडे बघून मान हलवत होते.

मंत्र्यांची गाडी आली. बँड वाजायला लागला, पण इंजिनापुढे बँड कुणाला ऐकू येणार? मंत्री खाली उतरले, गळ्यात हार पडले, आणि हातानं कान झाकून ते विचारू लागले की हा समोर उभा आहे तो माणूस कोण.

दहा मिनिटं झाली. रावजींच्या मनात आलं, आपलं चुकलं तर? चुकलं तर माफी मागायची. सगळ्या जिल्ह्यासमोर मागायची आणि उद्याच्या एस.टी.नं मंडणगड गाठायचं. त्यांना त्याची लाज वाटली नाही. चूक निघाली तर पोरगी सुखरूप उडून येणार होती, मग माफी मागायला त्यांची ना नव्हती.

बाराव्या मिनिटाला आवाजात काहीतरी अडखळलं. इतकं बारीक की मंडपात कुणाला कळलं नाही. रावजींना कळलं. तांब्यांना कळलं. त्यांचे कमरेवरचे हात खाली आले. मग परत अडखळलं. आणि तेराव्या मिनिटाला सगळं विमान ताप भरलेल्या माणसासारखं थडथडायला लागलं. खिडकीची काच खडखडली. हेमानं लगेच स्विच बंद केले.

पंखा दोन फेरे मारून थांबला. सड्यावर एकदम इतकी शांतता झाली की मंडपातलं एक तान्हं मूल रडत होतं ते सगळ्यांना ऐकू आलं.

हेमा दार उघडून खाली उतरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज मोठा होता. "तांबेसाहेब, आता तपासा. आत्ता, गरम असताना."

"हेमा," भास्करराव म्हणाले, "साहेब आलेत."

"आलेत तर बघू देत, अण्णा. त्यांनाच बसायचं होतं ना यात?"

तांब्यांनी वाद घातला नाही. त्यांनी इंजिनावरचा पत्रा उघडला. रावजींनी पिशवीतून मीटर काढून त्यांच्या हातात दिलं आणि स्वतः दोन पावलं मागं झाले. आपण हात लावला असं नंतर कुणी म्हणायला नको. तांब्यांनी तीन नंबरचा प्लग काढला, जोडणी बसवली, ऐंशीचा दाब सोडला. काटा ऐंशीवरून निसटला आणि अडतीसवर जाऊन थांबला. सिलिंडरच्या पात्यांमधून हिसहिस येत होती.

"साबण आहे का कुणाकडे?" तांबे म्हणाले.

रावजींनी दाढीचा ब्रश पुढे केला.

तांब्यांनी प्लगच्या भोकाजवळ, दोन पात्यांच्या बेचक्यात फेस लावला. फेसाला फुगे आले, फुटले, परत आले. एका ओळीत, करंगळीएवढ्या लांबीत. चीर तिथं होती. तांबे वाकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी वही मागवली. सकाळी निळ्या शाईत लिहिलेल्या ओळीवर त्यांनी स्वतःच रेघ मारली, रावजींच्या लाल ओळीखाली 'सहमत' असं लिहिलं आणि सही केली.

"मी थंडच तपासलं," ते रावजींना म्हणाले. "गरम तपासा असा काही निरोप ठेवला होतात का तुम्ही?"

"ठेवला होता."

"मला पोचला नाही."

रावजींनी भास्कररावांकडे पाहिलं नाही. बघायची गरज नव्हती.

मंत्र्यांनी मंडपात दहा मिनिटं भाषण केलं, विमानापासून लांब उभं राहून फोटो काढून घेतला आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. धावपट्टीबद्दल एक शब्द निघाला नाही. गर्दी पांगली. वासे सोडायला माणसं आली. भास्करराव एका खुर्चीवर बसून राहिले होते. रावजी सायकल उचलायला त्यांच्यासमोरून चालले, तेव्हा ते म्हणाले,

"समाधान झालं? सहा वर्षांची मेहनत माझी. आता पुढच्या सहा वर्षांत इकडे कुणी फिरकणार नाही."

"पोरगी घरी आहे तुमची," रावजी म्हणाले.

भास्कररावांचे डोळे खाली गेले. मग ते म्हणाले, "विकून टाकतो. बाहेरच्या देशातून सिलिंडर मागवायचं म्हणजे आयात परवाना, म्हणजे दोन वर्षं. तोवर खारा वारा खाऊन टाकील त्याला. भंगारवाला परवाच विचारत होता."

"आज उडणार नाही एवढंच मी म्हटलं होतं," रावजी म्हणाले. "कधीच उडणार नाही असं मी म्हटलेलं नाही. भंगारात घालायला ते इंजिन मेलेलं नाही."

"मंडळाला तुमची गरज उरलेली नाही, रावजी."

"मंडळाला नसेल. इंजिनाला आहे."

आठवडाभर काही घडलं नाही. हँगरला कुलूप. रावजी बागायतदारांचे फवारणीचे पंप दुरुस्त करून देत होते. आठव्या दिवशी हेमा शिरगावला आली, ओट्यावर बसली आणि किल्ली पुढे ठेवली.

"अण्णांना सांगूनच आणलीय," ती म्हणाली. "ते हो म्हणाले नाहीत."

"मग?"

"नाही पण म्हणाले नाहीत."

आतून गंगा म्हणाली, "म्हंजी व्हयच."

रावजींच्या मनात त्या दिवसापासून एक लाकडी खोकं होतं. एकोणसत्तर साली जुहूला असंच एक विमान चिखलात उलटलं होतं. त्याचं इंजिन, अगदी याच जातीचं, रावजींनी स्वतः उतरवलं होतं. चारही सिलिंडर धड होती. ती तेलकट कागदात गुंडाळून, खोक्यांत भरून त्यांनी गोदामात ठेवली होती. ज्या क्लबाचं ते विमान होतं तो क्लब पुढं बंद पडला, पण गोदाम कुणी रिकामं केलं असेल असं त्यांना वाटत नव्हतं.

मंडळाची चिटणीस हेमाच होती. तिनं मंडळाचं पत्र टाइप केलं आणि सही केली. ते घेऊन रावजी मुंबईला गेले. गोदामाची देखरेख बाळा नावाच्या जुन्याच माणसाकडे होती. त्यानं त्यांना ओळखलं, पण कागदाशिवाय काही द्यायला तो तयार नव्हता.

"पत्र ठीक आहे रावजी. पण हे सिलिंडर कुठलं, किती तास चाललेलं, धड आहे की नाही, हे कोण सांगणार? उद्या मला विचारलं तर?"

"खोकं उघड."

धुळीचा थर पुसून खोकं उघडलं. तेलकट कागदाच्या घडीत एक कार्ड होतं. इंजिनाचा नंबर, चाललेले तास, कुठं काय मोजलं त्याची मापं, आणि खाली सही: रा. भा. घडवले. बाळानं कार्डाकडे बघितलं, रावजींकडे बघितलं आणि हसायला लागला. "घेऊन जा. तुझंच आहे ते."

परतीच्या एस.टी.त कंडक्टरनं गोणपाटात बांधलेलं सिलिंडर बघून हरकत घेतली. "लोखंड टपावर टाका."

"लोखंड नाही, विमानाचा भाग आहे."

"विमान एस.टी.त चढवताय?"

"तिकीट काढलंय त्याचं," रावजी म्हणाले. अर्धं तिकीट त्यांनी खरोखरच काढलं होतं. बारा तास ते गोणपाट त्यांनी मांडीवर ठेवलं. महाडच्या थांब्यावर सगळे चहाला उतरले, ते उतरले नाहीत. रत्नागिरीला पोचले तेव्हा पाय इतके बधिर झाले होते की हेमानं आणि गंगानं दोन बाजूंनी धरून त्यांना खाली उतरवलं.

चिरलेलं सिलिंडर उतरवल्यावर चिरेचं कारण सापडलं. त्याच्यामागे हवा वळवून पात्यांत घुसवणारा एक छोटा पत्रा असायला हवा होता. तो नव्हता. विमान विकण्याआधी केव्हातरी कुणीतरी तो काढला होता आणि स्क्रूच्या भोकांवर रंग फासला होता. वर्षानुवर्षं ते एक सिलिंडर बाकीच्या तिघांपेक्षा जास्त तापत होतं. रावजी त्या रंगावरून अंगठा फिरवत राहिले. दोन वर्षं हे इंजिन आपण रोज पाहत होतो. "हे माझ्या नजरेतून सुटलं," ते हेमाला म्हणाले, आणि वहीतही तसंच लिहिलं.

पुस्तकातल्या मापांनी त्यांनी नवा पत्रा कापला, वाकवला, बसवून पाहिला, परत काढला. चार वेळा. हेमा रोज यायची. सिलिंडरच्या पात्यांत साचलेलं मीठ आणि धूळ तिनं ब्रशनं एकेक पातं करून काढलं. वॉल्व्ह घासून बसवताना तिच्या हाताची सालं निघाली. हे काम परवानाधारकाच्या नजरेखाली कुणीही करू शकतं असं नियमात आहे, आणि रावजींची नजर तिच्या हातावरून हलत नव्हती. सिलिंडर बसवताना बारकं चुकलं की ते परत उतरवायला लावत. एकदा ती रडकुंडीला आली.

"मंत्र्यांपुढं उभे राहिलात तेव्हा बरे होतात," ती म्हणाली.

"तेव्हाही असाच होतो. तेव्हा समोर तुमचे अण्णा होते, एवढाच फरक."

एप्रिलमध्ये विमान वाहतूक खात्याचे निरीक्षक आले. इंजिन सुरू करून दोन मिनिटांत ते सही करायला निघाले, तेव्हा रावजींनी वहीवर हात ठेवला. "साहेब, वीस मिनिटं बसा. गरम होऊ दे." निरीक्षकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण बसले. वीस मिनिटांनी तीन नंबरात चौऱ्याहत्तर टिकला. त्यांनी सही केली आणि जाता जाता म्हणाले, "तुम्ही फार चिवट आहात."

"हो," रावजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणीचं उड्डाण ठरलं. ना मंडप, ना बँड. हेमा आत बसली. रावजींनी ठोकळे लावले, पंख्यावर हात ठेवला, आणि आपल्या हातांनी खाली ओढला. इंजिन बोलायला लागलं. पंधरा मिनिटं जमिनीवर. मग ठोकळे काढले. विमान पट्टीवरून धावत गेलं, शेपटी उचलली, आणि कातळापासून सुटलं.

ते लहान होत समुद्राकडे वळलं तेव्हा रावजींना मागं पावलं वाजल्याचं कळलं. भास्करराव होते. सकाळीच बागेतून आले असावेत, सदऱ्यावर आंब्याच्या चिकाचे डाग होते. ते रावजींच्या शेजारी येऊन उभे राहिले. दोघंही आकाशाकडे बघत होते.  पन्नास मिनिटं तशीच गेली. ठिपका दिसेनासा झाला, आवाज वाऱ्यावर कधी यायचा, कधी बुडायचा. आवाज बुडाला की भास्करराव रावजींकडे बघायचे आणि रावजी नुसता हात वर करायचे, की आहे, चालू आहे.

मग विमान मिऱ्याच्या डोंगराच्या बाजूनं आत आलं, खाली आलं, एकदा उसळलं आणि पट्टीवर टेकलं. हेमानं इंजिन बंद केलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली, "एकदासुद्धा अडखळलं नाही!"

भास्कररावांनी डोळे पुसले. खारा वारा होता, तरी वाऱ्यानं तसे डोळे भरत नाहीत. मग ते म्हणाले, "रावजी, तो निरोप मी तांब्यांना दिला नव्हता."

"माहीत आहे मला."

"जानेवारीतलं ते पत्र मी मागं घेतो. फक्त मंडळाच्या बैठकीत तुम्ही दिलगिरीचे दोन शब्द बोला. सभासदांपुढं माझीही..."

"नाही," रावजी म्हणाले. "कामावर घ्या किंवा घेऊ नका. दिलगिरी नाही."

भास्कररावांनी मान हलवली. "बरं. नको." मग त्यांच्या डोळ्यांत तो जुना उत्साह परत चमकला. "पुढच्या महिन्यात साहेब चिपळूणला येतायत. त्यांना परत बोलावू का? आता तर इंजिन नवं झालं."

रावजी विमानाकडे चालायला लागले होते. तापलेल्या इंजिनाजवळ जाऊन त्यांनी पत्रा उघडला आणि मीटर काढलं.

"अजून दहा तास उडू दे," ते मागं न बघता म्हणाले. "मग सांगतो."